एकतीस तोंडं, सगळी साफ

अकरा, एकशे पंचवीस, पंधरा फूट. हे तीन आकडे मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. हल्लीची पोरं माझ्याकडे कॅमेरे घेऊन येतात, रस्त्यावर काढलेले फोटो दाखवतात आणि मोठ्या कौतुकानं म्हणतात, बघा, मागचं कसं मस्त उडवलंय! माझं डोकंच फिरतं. मागचं म्हणजे काय रे बाबांनो? मागे चहावाला उभा आहे, त्याच्या बाजूनं एक बाई डोक्यावर टोपलं घेऊन चालली आहे. त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय, की त्यांचा धूर करून टाकलात? पोरं गालात हसतात. म्हातारी सटकली, असं मनात म्हणत असतील. म्हणू देत.

सत्तरच्या दशकात मी सीताबर्डीच्या एका फोटो स्टुडिओत टचिंगचं काम करायची. टचिंग म्हणजे निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं चेहऱ्याचे डाग भरायचे, देवीचे व्रण बुजवायचे, नको ते ब्लेडच्या टोकानं खरवडायचं. दिवसभर खिडकीपाशी तिरप्या काचेवर मान मोडून बसायचं. नवऱ्या मुलीचं नाक सरळ करण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. कॅमेऱ्याला मात्र हात लावायची मला मनाई होती.

मालक माणूस वाईट नव्हता, पण भित्रा. गिऱ्हाइकाला भ्यायचा, पोलिसाला भ्यायचा, पावसाला भ्यायचा. त्याचा एक मंत्र होता. "फोटोत राजा एकच असतो. बाकी सगळं उडवायचं." म्हणजे लेन्सचं छिद्र, ज्याला आम्ही अपर्चर म्हणायचो, ते पूर्ण उघडायचं. मग डोळ्यांवर नेम धरला की डोळे साफ येतात आणि कान, खांदे, मागचा पडदा सगळं विरघळून जातं. लग्नाच्या फोटोत नवरदेव राजा, आणि त्याच्या मागे उभा असलेला त्याचा काका नुसता फेट्याचा डाग. असे कितीतरी काका मी त्या काचेवर पाहिले. कोणाचं कोणावाचून अडलं नाही, पण मला राग यायचा.

मालकानं मोडीत काढलेला एक जुना कॅमेरा मी दोन महिन्यांच्या पगारातून विकत घेतला. देताना तो म्हणाला, "घरी ठेव. देवघरात ठेव वाटल्यास. पण बाईमाणसानं हे घेऊन रस्त्यावर फिरू नये, बरं दिसत नाही." आमच्या घरात छप्पन सालापासून देवघरच नव्हतं. त्याच रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि मी आमच्या बाजारात जाऊन उभी राहिले.

आम्ही तेव्हा नंदनवनच्या अलीकडे राहायचो. विणकरांची वस्ती, घराघरात मागाची खटखट. पहिला रोल मालकाच्या मंत्राप्रमाणे छिद्र सताड उघडं ठेवून काढला. धुतल्यावर पाहते तर काय, भाजीवालीचं नाक साफ आणि भाजीवाली गायब. दुसऱ्या रोलला रागानं छिद्र सोळा आकड्यापर्यंत बारीक केलं. बारीक छिद्रातून उजेड कमी येतो, म्हणून शटर हळू ठेवावं लागलं, सेकंदाचा पंधरावा भाग. आता मागचं-पुढचं सगळं साफ होतं, दुकानाच्या पाट्यासुद्धा वाचता येत होत्या, पण जो जो चालत होता त्याचं भूत झालं होतं. एका सायकलवाल्याची तर नुसती सायकलच आली.

तिसऱ्या अडचणीला मात्र आकड्यांचं औषध नव्हतं. आमच्याकडे कॅमेरा डोळ्याला लावला रे लावला की माणूस सावधान व्हायचा. स्टुडिओवाल्यांनीच पिढ्यानपिढ्या ती सवय लावली होती, हलू नका, श्वास रोखा. मी कॅमेरा वर केला की बाजार थांबायचा. तागडी हवेत राहायची, बाया पदर डोक्यावर घ्यायच्या, आणि मी खाली केला की पाच-सहा जण एकदम श्वास सोडायचे. एक म्हातारा तर मला ओरडला, "किती वेळ रोखू गा श्वास? मारतं का?" बाईला 'गा' म्हणतात का? पण म्हातारा गुदमरला होता, सोडून दिलं.

उपाय एकच होता. कॅमेरा डोळ्याला लावायचाच नाही. आकडे आधीच लावून ठेवायचे, कॅमेरा छातीपाशी धरायचा, आणि माणूस ठरलेल्या अंतरावर आला की बटण दाबायचं. लेन्सवर बारीक अक्षरात सगळं कोरलेलं असतं, वाचायला डोळे हवेत, आणि टचिंगवालीला डोळ्यांची काय कमी? त्यावर दिसत होतं की छिद्र अकरावर आणि अंतर पंधरा फुटांवर ठेवलं, तर साधारण साडेनऊ फुटांपासून अडतीस फुटांपर्यंत जे काही येईल ते सगळं साफ. पुढचाही आणि मागचाही. माझ्या मनासारखं झालं.

पण पंधरा फूट म्हणजे किती, हे नुसत्या डोळ्यांनी कसं कळणार? मला कळत नव्हतं. मग एक दिवस आईनं दांडीवर पातळ वाळत घातलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पाचवारी पातळ, पाच वार म्हणजे बरोबर पंधरा फूट! विणकरांच्या वस्तीत वाढलेल्या बाईला फूट कळत नसेल, पातळ कळतं. तेव्हापासून मी अंतर पातळात मोजायला लागले. हा माणूस एक पातळ दूर, तो दोन पातळं दूर. अडीच पातळांपर्यंत सगळे माझ्या राज्यात. महिनाभरात माझा अंदाज वीतभरसुद्धा चुकेना.

राहता राहिलं शटर. चालत्या माणसाला एकशे पंचवीस पुरतं, म्हणजे सेकंदाचा सव्वाशेवा भाग. नाचणाऱ्याला दुप्पट हवं. पण तेवढा उजेड आमच्या गल्लीत उन्हाळ्याच्या भर दुपारीच मिळायचा. ही गोष्ट पुढे मला चांगलीच भोवणार होती.

आता कंट्रोलवाल्याकडे वळते. आमच्याकडे राशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणायचे. दुष्काळाचं वर्ष नुकतंच सरलं होतं, घराघरात मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकऱ्या होत्या, आणि साखर-घासलेटासाठी बाया पहाटेपासून रांग लावायच्या. रांग दुकानाच्या पुढच्या दाराला, आणि पोती जायची मागच्या दारानं. सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलत नव्हतं, कारण प्रत्येकाचं काही ना काही त्याच्या मुठीत होतं. त्या काळी धान्य माणशी मिळायचं आणि कार्डावरची नावं कोणी कमी करत नसे. आमच्या कार्डावर माझे आजोबा होते, त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. शेजारणीच्या कार्डावर सासरी गेलेली मुलगी होती. जित्या माणसांच्या वाट्याचं पुरत नव्हतं, म्हणून मेलेल्यांचा आधार.

आमच्या समोर एक मावशी राहायची. विधवा, दोन मुली, मागवाल्यांसाठी सुताच्या कांड्या भरून पोट भरायची. जिभेनं तिखट, मनानं त्याहून. श्रावणात एकदा ती बारा-पंधरा बायांना घेऊन कंट्रोलवाल्याला जाब विचारायला गेली. त्यानं पेन काढला आणि विचारलं, "हां, कोन कोन आहे? नावं सांगा." झालं! एकीला चुलीवरचं दूध आठवलं, एकीचं पोर रडायला लागलं. संध्याकाळपर्यंत जी ती म्हणत होती, मी तं घरीच होतो बाप्पा. मावशी एकटी उरली. दुसऱ्या दिवशी तो तिला सगळ्या रांगेसमोर म्हणाला, "तुहा मेलेला नवरा अजून साखर खाऊन राहिला तुह्या कार्डावर. इन्स्पेक्टरले सांगू का? पूरं कार्डच बाद होते."

चोर तो चोर वर शिरजोर! कार्ड बाद होणं म्हणजे काय, हे आज सांगून कळायचं नाही. त्या दोन मुलींची चूलच बंद झाली असती. मावशी त्या दिवशी गप्प घरी आली, आणि मला वाटलं, मोडली ही.

मोडते कसली! पोळा आठवड्यावर आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत निघते, राक्षसिणीचा भला मोठा पुतळा. इडापिडा घेऊन जाणाऱ्या त्या मारबतीच्या मागे बडगे निघतात. ज्याच्यावर लोकांचा राग, त्याचा कागद-चिंध्यांचा बडग्या करायचा, गावभर मिरवायचा, शिव्या घालायच्या आणि शेवटी पेटवून द्यायचा. हे काम पोट्ट्यांचं, मोठ्या बाप्यांचं. बाया गच्चीवरून पाहणार. मावशीनं जाहीर केलं की या वर्षी कंट्रोलवाल्याचा बडग्या निघेल आणि तो बाया काढतील.

आमची आई म्हणाली, "आपून दीक्षा घेतली. आता मारबतीच्या मांगं नाचाले जाऊ का?"

मावशी म्हणाली, "मारबतीच्या मांगं नको येऊ वं बाई. कंट्रोलवाल्याच्या मांगं ये."

आईनं पोळपाट आपटला आणि विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी भर दुपारी मावशी माझ्याकडे आली. मी कॅमेरा पुसत बसले होते. तिनं विचारलं, "याच्यात फोटो निघते का खरंच?"

"निघते ना."

"मंग आमचा काढ. पन एक ध्यानात ठेव. माह्या एकटीचा साफ नको. सगळ्यायचे तोंडं साफ पाह्यजेत. मांगच्या खेपेले संध्याकाळी जे ते म्हने, मी तं घरीच होतो. आता कोनाले तसं म्हनता आलं नाही पाह्यजे."

मी कॅमेरा खाली ठेवला. म्हटलं, "मावशी, साफ आला तं त्याले बी साफ दिसन. त्यापेक्षा मी जरासा हलवून काढू का? बाया हायेत एवढं समजन, कोन हायेत ते नाही समजनार."

"हलवशीन तं तो डबा फोडून टाकीन," ती म्हणाली. "भूत होऊन नाही जाऊन राहिलो आमी. आणि पाय, तू जर पुढची एकटी साफ काढली, तं तो मले एकटीलेच धरन. मी काय गाढव हावो, हे समजाले?"

खरं सांगते, मला लाज वाटली. एवढी वर्षं स्टुडिओत घालवून मला जे पुरतं कळलं नव्हतं, ते तिला, जिनं जन्मात कॅमेरा हातात धरला नाही, एका दमात कळलं होतं. मालकाच्या मंत्रानं फोटो काढला असता तर पुढची मावशी साफ आणि मागच्या सगळ्या धूर. धुराचं कार्ड कोण बाद करणार? बाद झालं असतं ते मावशीचं.

मावशी घरोघर गेली. प्रत्येकीला तोंडावर सांगितलं की फोटो निघणार आहे, तोंड दिसणार आहे, भीती वाटत असेल तर येऊ नको. लपवाछपवी नाही. चौघीजणींनी दारं लावून घेतली. बाकीच्यांनी जुनी वर्तमानपत्रं आणि खळ गोळा केली. बडग्याचं पोट तीन टोपल्यांचं केलं होतं आणि त्याच्या हातात एक रिकामं माप दिलं होतं.

मी माझ्या काळजीत. भाद्रपदाचं आभाळ, मिरवणूक चिंचोळ्या गल्ल्यांतून जाणार, आणि माझ्याकडे साधा, कमी उजेडात मंद पडणारा रोल. हिशोब केला तर अकराच्या छिद्राला शटर तिसाव्या भागावर ठेवावं लागत होतं. तेवढ्यात नाचणाऱ्या बायांची भुतं होणार आणि मावशी माझा डबा फोडणार. छिद्र उघडलं तर मागच्या ओळी उडणार. दोन्हीकडून मरण. आठ दिवस मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल.

पहिली गोष्ट मी केली ती अशी की रोल आहे त्यापेक्षा तेज आहे असं समजून फोटो काढायचा, आणि धुताना औषधात जास्त वेळ ठेवायचा. मालक हे कधी करू देत नसे, कारण त्यानं फोटोत रवा दिसतो, चेहरे गुळगुळीत येत नाहीत. म्हटलं, दिसू दे रवा. आमच्या चेहऱ्यांना कोणी लोणी लावलंय? दुसरी गोष्ट जागेची. गल्लीत उजेड नव्हता, पण तीन गल्ल्या जिथे मिळतात त्या चौकात आभाळ मोकळं होतं. तिथे नळाची सिमेंटची टाकी होती. तिच्यावर चढलं की मागच्या ओळीतल्या बुटक्या बाईचंही तोंड दिसतं. तिथे मला अकरा आणि एकशे पंचवीस मिळत होते, जेमतेम.

पण नाचाला एकशे पंचवीस पुरत नाही. मग मी बायांची तालीम पाहायला बसले. त्या आरोळी द्यायच्या, "साखर खाल्ली, घासलेट प्यालं, याले घेऊन जाय गे मारबत!" 'मारबत'वर सगळ्यांचे हात वर जायचे. हात वर असताना मागचीचं तोंड पुढचीच्या कोपराआड लपायचं. पण हात खाली आल्यावर, ढोल पुन्हा सुरू व्हायच्या आधी, सगळ्या एक श्वास घ्यायच्या. तेवढ्या वेळात कोणी हलत नव्हतं. मला तो एक श्वास हवा होता.

मारबतीच्या दिवशी सकाळी आभाळ भरलेलं, पण पाऊस नव्हता. मी टाकीवर चढले. खालून पोट्टे शिट्या मारायला लागले, "अबे, बाई चढली टाकीवर!" एक जण म्हणाला, "पानी नाही वं आज नळाले." मी वरून त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो गप्प झाला एवढं सांगते.

गल्लीतून बडग्या आला. पुढे मावशी, खांद्यावर बांबू. मी मनात पातळ अंथरलं. दोन पातळं, दीड, एक. आरोळी उठली. हात वर गेले. हात खाली आले. आणि त्या एका श्वासात मावशी ओरडली, "पाहा वं तिच्याकडं!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोणी पदर ओढला नाही, कोणी सावधान झालं नाही. मी दाबलं. ढोल सुरू झाला आणि त्या पुढे गेल्या. कॅमेरा छातीशी धरून मला टाकीवरून उतरता येईना. शेवटी त्या शिटीवाल्यानंच हात दिला.

निगेटिव्ह धुऊन काचेवर ठेवली आणि भिंगातून मोजली. एकतीस तोंडं. सगळी साफ. रवा होता, भरपूर होता, पण मावशीच्या कपाळावरची शीरही दिसत होती आणि शेवटच्या ओळीतल्या बाईच्या नाकातली चमकीही. ती शेवटच्या ओळीतली बाई कोण, हे भिंग जवळ नेल्यावर कळलं. आमची आई होती. मला न सांगता गेली होती आणि आरोळीसाठी उघडलेलं तिचं तोंड अजून तसंच होतं. मी त्या काचेवर डोकं टेकवून रडले.

फोटो मोठा करून मी वस्तीतल्या न्हाव्याच्या दुकानात लावला. चौथ्या दिवशी कंट्रोलवाला स्टुडिओत हजर. मालकाला म्हणाला, "तुमच्याच इथं बनला ना तो फोटो? त्यातल्या त्या पुढच्या बाईचं तोंड तेवढं मोठं करून द्या. बाकीच्या नको. इन्स्पेक्टरले दाखवाचं आहे." बाकीच्या नको! मी आतून ऐकत होते.

तो गेल्यावर मालक घामाघूम होऊन माझ्याकडे आला. "हे बघ," तो म्हणाला, "ब्लेड घे आणि त्या बाईचं तोंड निगेटिव्हवरून खरवडून टाक. त्याला सांगू, निगेटिव्ह खराब झाली. बाई वाचेल, आपणही वाचू." त्याचं मन खोटं नव्हतं. आणि खरवडण्यात माझा हात किती साफ होता हे त्याला माहीत होतं. ब्लेड समोरच होतं.

मी म्हटलं, "तुम्ही मला कामावरून काढा, पण हे होणार नाही."

"काढीन!" तो म्हणाला.

"काढा."

त्यानं काढलं नाही. नाक सरळ करणारी दुसरी कुठून आणणार होता? निगेटिव्ह मी पदरात बांधून घरी नेली. मावशीला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं. येऊ दे त्या इन्स्पेक्टरले. तू मोठ्यातला मोठा फोटो घेऊन ये."

इन्स्पेक्टर आला तो बुधवारी सकाळी. कंट्रोलवाल्यानं त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मावशीचं कार्ड मागितलं. मावशी एकटी आली नाही. एकतीसपैकी सव्वीस जणी आपापली कार्डं घेऊन दुकानासमोर उभ्या राहिल्या. एक पारशिवनीला माहेरी गेली होती, आणि बाकी चौघींना ऐन वेळी ताप आला. दुपारपर्यंत त्यातल्या दोघींचा उतरला. मी फोटो काउंटरवर पसरला आणि कोपऱ्यांवर त्याचीच वजनं ठेवली.

कंट्रोलवाल्यानं मावशीच्या तोंडावर बोट ठेवलं. "साहेब, हीच. मेलेल्या नवऱ्याच्या नावानं राशन उचलते आणि वरून बदनामी करते."

मावशी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आमची आई पुढे आली. तिनं फोटोच्या शेवटच्या ओळीत बोट ठेवलं. "हे मी," ती म्हणाली. "माह्या कार्डावर माहा सासरा हाये. मरून चार वर्सं झाले. लिवा साहेब."

इन्स्पेक्टरनं पेन उघडला. तिच्यामागून दुसरी आली. "हे मी, ढोलाच्या बाजूले. माही पोरगी सासरी गेली, नाव हाये अजून. लिवा." मग तिसरी, मग चौथी. कोणाची सासू, कोणाचा दीर, एकीचा तर दोन वर्षांपूर्वी गेलेला सहा महिन्यांचा मुलगा. ते नाव सांगतानाही तिचं बोट फोटोवरून हललं नाही. शेवटी इन्स्पेक्टरनं पेन खाली ठेवला आणि कंट्रोलवाल्याला विचारलं, "एवढी मेलेली माणसं दर महिन्याला तुमच्या रजिस्टरात साखर घेतात, आणि तुम्हाला आज एकच दिसली?"

कंट्रोलवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्या रजिस्टरात त्या सगळ्यांच्या नावानं माल दिलेला होता, आणि त्यातला अर्धा बायांनी कधी पाहिलाही नव्हता.

त्याचं दुकान बंद झालं नाही, खोटं कशाला सांगू? वर कोणाचे तरी हात होते. पण मागचं दार बंद झालं आणि आलेल्या मालाची पाटी पुढच्या दारावर लागायला लागली. इन्स्पेक्टरनं एकही कार्ड बाद केलं नाही. एवढी कार्डं बाद केली असती तर उत्तर त्यालाही द्यावं लागलं असतं. त्यानं फक्त नावं कापली, लाल शाईनं, एकेक.

मावशीचं कार्ड शेवटी आलं. तिच्या नवऱ्याचं नाव पहिल्याच ओळीत होतं, कुटुंबप्रमुख म्हणून. इन्स्पेक्टरनं त्यावर रेघ ओढली. मावशी त्या रेघेकडे पाहत राहिली. इतका वेळ सिंहिणीसारखी उभी असलेली बाई एकदम खाली बसली. हळूच म्हणाली, "साखरेचं काही नाही. पन कुठं तरी लिवलेला होता तो."

इन्स्पेक्टरनं पेन काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "आता प्रमुख कोण लिहू? मुलगा आहे?"

"दोन पोरी हायेत."

"दीर?"

"हाये, कन्हानले."

"मग दिराचं नाव सांगा."

मावशी उठली. पदरानं तोंड पुसलं. "दीर कायले? तो कन्हानले जेवते, चूल मी पेटवून राहिलो इथं. माह्यं नाव लिवा."

"बाईचं नाव पहिल्या ओळीत..." इन्स्पेक्टर घुटमळला. मघाच आतल्या खोलीत जाऊन बसलेला कंट्रोलवाला तिथून हसला. मावशीनं काउंटरवरचा पेन उचलला आणि इन्स्पेक्टरच्या हातात दिला.

त्यानं लिहिलं. मावशीला वाचता येत नव्हतं. तिनं कार्ड माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "वाच." मी वाचलं. "अजून जोरात," ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं, दुकानाच्या आतल्या खोलीत बसलेल्या त्या माणसाला ऐकू जाईल इतक्या जोरात.